एका पाहुण्या शब्दाचे कुळ आणि व्याकरण



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आयर्लंड हे युरोपच्या पश्चिम टोकाचे एक बेट. तेथील आयरिश भाषा, त्या भाषेतील एक शब्द, आणि तोही तिचा स्वतःचा नव्हे, तर फ्रेंचांकडून उसना घेतलेला! अशा शब्दावर तासभर बोलावयाचे आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपण ते ऐकावयाचे, हा व्यवहार प्रथमदर्शनी थोडा आतबट्ट्याचा वाटण्यासारखा आहे. परंतु आम्हांस असे वाटते की, भाषा परका शब्द कसा स्वीकारते, त्याला आपल्या घरात कसे वागवते आणि त्यावरून तिच्या प्रकृतीविषयी काय कळते, हे पाहण्यास एकच शब्द नीट निरखणे हा उत्तम मार्ग होय. शंभर शब्दांची यादी ऐकून कान थकतात. एका शब्दाची कुळकथा मात्र लक्षात राहते.

हा शब्द आहे ‘गरसून’. अर्थ अगदी साधा : मुलगा, पोरगा. फ्रेंच भाषेची तोंडओळख असलेल्यांनी त्यातील ‘गार्सों’ हा शब्द लगेच ओळखला असेल. दोन्ही एकाच मुळाचे. परंतु फ्रान्सचा हा शब्द आयर्लंडला पोहोचला कसा, आणि तेथे गेल्यावर त्याचे काय झाले, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे.

प्रथम त्याचे कूळ पाहू. फ्रेंच भाषा लॅटिनची लेक. परंतु हा शब्द लॅटिन नव्हे. बहुतेक व्युत्पत्तिकार तो फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळ्यांच्या भाषेतला मानतात. त्या भाषेत ‘व्राक्यो’ अशा रूपाचा एक शब्द असावा असे अनुमान आहे. त्याचा अर्थ देशोधडीला लागलेला, हद्दपार झालेला, पोटासाठी दुसऱ्याच्या पदरी लढणारा माणूस. याच मुळाची दोन भावंडे आजही हयात आहेत. इंग्रजीत त्याचा ‘रेच’ झाला, म्हणजे दीनवाणा, करंटा माणूस; जर्मनमध्ये त्याचा ‘रेके’ झाला, म्हणजे वीरपुरुष. एकाच घरातला एक भाऊ भिकेला लागला आणि दुसरा सरदार झाला! तिसरा फ्रान्सात राहिला. तेथे आरंभीचा ‘व’ जाऊन ‘ग’ आला. जर्मानिक ‘व’चा फ्रेंचमध्ये ‘ग’ होणे हा त्या काळचा नेमच होता. युद्धवाचक ‘गेर’ हा फ्रेंच शब्दही जर्मानिक ‘वेर्रा’पासून असाच झाला आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ ‘मुलगा’ असा सरळ नव्हता. हलक्या कामाचा नोकर, लष्कराच्या तळावरचा हरकाम्या, घोड्यांमागे धावणारा पोऱ्या, असा तो अर्थ होता. रागाच्या भरात शिवी म्हणूनही तो वापरीत. आपल्याकडे ‘पोऱ्या’ म्हटले की लहान मुलगा आणि हॉटेलातला नोकर असे दोन्ही अर्थ डोळ्यांपुढे येतात, तसेच हे आहे. फ्रान्समध्ये खानावळीतल्या वाढप्याला ‘गार्सों’ अशी हाक मारण्याची रीत पुष्कळ काळ होती. आता ती असभ्य मानली जाते, यावरून जुन्या अर्थाचा वास शब्दाला किती चिकटून राहतो ते दिसते.

आता या शब्दाच्या व्याकरणातील एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी, कारण पुढे सर्व कथा तिच्यावर उभी आहे. जुन्या फ्रेंचमध्ये नामाला दोन विभक्ती होत्या : एक कर्त्याची, दुसरी उरलेल्या सर्व कामांची. कर्ता असताना हा शब्द ‘गार्स’ असे, आणि कर्म किंवा अन्य काही असताना ‘गार्सोन’. पुढे फ्रेंचमधून ही विभक्तिव्यवस्था मोडली. बहुतेक नामांची कर्त्याची रूपे लोपली आणि दुसरीच टिकली. म्हणून आजचे ‘गार्सों’ हे मुळात तिर्यक रूप होय. जणू मराठीतला ‘मुलगा’ नाहीसा व्हावा आणि ‘मुलगे’, ‘मुलगा’ या साऱ्यांची जागा एकट्या ‘मुला’ने घ्यावी, असे काहीसे झाले. या शब्दाच्या विभक्ती फ्रान्समध्ये गळून पडल्या.

आता आयर्लंडकडे वळू. इ. स. ११६९मध्ये नॉर्मन सरदारांची पहिली तुकडी आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर उतरली, आणि ११७१मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री स्वतः तेथे आला. हे लोक इंग्लंडातून व वेल्समधून आले, म्हणून आपण त्यांना सरसकट इंग्रज समजतो. परंतु त्या वर्गाची प्रतिष्ठेची भाषा फ्रेंच होती. न्यू रॉस या गावाला तटबंदी कशी घातली याचे वर्णन करणारे १२६५मधील एक काव्य उपलब्ध आहे, तेही नॉर्मन फ्रेंचमध्येच आहे. गढ्या बांधणारे, न्यायसभा भरविणारे, नोकरचाकर बाळगणारे हे लोक आयरिश लोकांत मिसळले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्द मिसळले. न्यायसभेला ‘कूर्त’, तुरुंगाला ‘प्रीसून’, राजपुत्राला ‘प्रिन्सा’ हे शब्द या संबंधातून आले. खोलीला आयरिशमध्ये ‘शोमरा’ म्हणतात, ती फ्रेंचांची ‘शांब्र’. मुलाला किंवा मुलीला ‘पाश्ते’ म्हणतात, तो मुळात सरदाराच्या पदरचा ‘पाज’, म्हणजे खिदमतगार पोरगा. आणि याच वाटेने आला आपला ‘गरसून’.

राज्यकर्त्यांची भाषा प्रजेत उतरते, हे आपल्याला परिचित आहे. येथे गंमत अशी की, प्रजेची भाषा राज्यकर्त्यांत चढली. दोनशे वर्षांत नॉर्मन घराणी आयरिश बोलू लागली, आयरिश पोशाख करू लागली, आयरिश शाहिरांना आश्रय देऊ लागली. त्यांच्या नावांतील ‘फिट्झ’ हा फ्रेंच पुत्रवाचक शब्द. फिट्झजेरल्ड म्हणजे जेरल्डचा पुत्र. आयरिशमध्ये त्याचे सरळ ‘मॅक गेरल्ट’ झाले. हे पाहून राज्यकर्ते घाबरले आणि १३६६मध्ये किलकेनी येथे त्यांनी प्रसिद्ध कायदे केले. इंग्रज वसाहतवाल्यांनी आयरिश बोलू नये, इंग्रजीच बोलावे, नाहीतर जमिनी जप्त होतील, असे त्यांत फर्मावले. आणि इंग्रजीच्या रक्षणाचा हा कायदा लिहिला कोणत्या भाषेत? फ्रेंचमध्ये! त्याचा उपयोगही फारसा झाला नाही. पुढल्याच वर्षी, १३६७मध्ये, राजाचा प्रतिनिधी म्हणून ज्या डेस्मंडच्या जेरल्ड सरदाराची नेमणूक झाली, तो स्वतः आयरिश भाषेत कविता करीत असे. कायद्याने भाषा लादता येत नाही आणि नुसत्या कायद्याने ती थोपवताही येत नाही, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

आता व्याकरण. घाबरू नका, मराठी माणसाला हे व्याकरण वाटते तितके परके नाही.

आयरिश भाषेत प्रत्येक व्यंजनाचे बहुधा दोन उच्चार असतात, एक रुंद आणि एक निमुळता. आपण ‘माझा’ म्हणतो आणि ‘माझी’ म्हणतो. अक्षर ‘झ’ एकच, पण पहिल्यात जीभ दातांशी असते आणि दुसऱ्यात ती टाळूकडे वळते. आयरिशमध्ये हा भेद जवळजवळ प्रत्येक व्यंजनाला लागू आहे आणि त्यावर व्याकरणाचा मोठा भार टाकलेला आहे. ‘गरसून’ म्हणजे मुलगा. यातील शेवटचा ‘न’ रुंद. तोच ‘न’ निमुळता करून ‘गरसूइन’ म्हणा, की झाला ‘मुलाचा’. प्रत्यय नाही, शब्दयोगी अव्यय नाही. जिभेने टाळूकडे थोडी कूस बदलली की षष्ठी सिद्ध!

हे कशामुळे घडते? आयर्लंडात पाचव्या शतकाच्या सुमाराचे उभे दगड आहेत. त्यांच्या कडांवर ओगम नावाच्या रेघांच्या लिपीत माणसांची नावे कोरलेली आहेत : अमक्याचा, जो तमक्याचा पुत्र, त्याचा हा दगड. त्यांत ‘पुत्राचा’ या अर्थी ‘मक्वी’ असे रूप वारंवार येते. म्हणजे त्या काळी षष्ठीला शेवटी दीर्घ ‘ई’ होती. लॅटिनमध्येही अशा नामांची षष्ठी ‘ई’चीच. पुढे आयरिशमध्ये शब्दांती स्वर गळले. ‘ई’ गेली, परंतु जाताना आधीच्या व्यंजनावर टाळूची खूण ठेवून गेली. ही खूण हीच आजची षष्ठी.

आता पाहा. ‘गरसून’ हा शब्द आयर्लंडात आला तो बाराव्या शतकानंतर. ती ‘ई’ गळून तोपर्यंत पाच-सहाशे वर्षे लोटली होती. या शब्दाच्या अंगी ती कधी नव्हतीच. तरी आयरिश भाषेने या पाहुण्याला घरात घेताना आपल्या पूर्वजांची ती खूण त्याच्याही कपाळी लावली. ज्या विभक्ती त्याने फ्रान्समध्ये गमावल्या, त्या त्याला आयर्लंडात नव्याने मिळाल्या. आणि त्या फ्रेंच नव्हत्या, सर्वस्वी आयरिश होत्या. विशेष म्हणजे ज्या अंत्य ‘न’वर हा सर्व खेळ चालतो, तो जुन्या फ्रेंचमधल्या तिर्यक रूपाचा ‘न’ होय. ‘गार्स’ या कर्त्याच्या रूपात तो नव्हताच. आजच्या फ्रेंच उच्चारात तो नाकात विरून गेला आहे. आयर्लंडात मात्र तो ठणठणीत आहे आणि कामाला जुंपलेला आहे.

अनेकवचनही असेच. ‘न गरसूइन’ म्हणजे ‘ते मुलगे’, आणि ‘न ङरसून’ म्हणजे ‘त्या मुलांचा’. म्हणजे एकवचनाची षष्ठी आणि अनेकवचनाची प्रथमा सारखी, आणि एकवचनाची प्रथमा व अनेकवचनाची षष्ठी यांचा शेवट सारखा. हा तिढा लॅटिन शिकलेल्यांना अर्धा ओळखीचा वाटेल, कारण तेथेही या गणात षष्ठीचे एकवचन आणि प्रथमेचे अनेकवचन दोन्ही ‘ई’कारान्त असतात.

आता म्हणाल, हा ‘ङ’ कोठून आला? आयरिशमध्ये शब्दाचा शेवटच नव्हे, आरंभही बदलतो. नुसते ‘अन गरसून’ म्हणजे ‘तो मुलगा’. येथे ‘ग’ जसाच्या तसा राहिला, यावरून हा शब्द पुल्लिंगी आहे हे कळते. स्त्रीलिंगी नामाचा आरंभ या ठिकाणी बहुधा मऊ होतो. ‘ब्यान’ म्हणजे बाई, पण ‘ती बाई’ म्हणताना ‘अन व्यान’. ‘गरसून’ची पाळी षष्ठीत येते. ‘अनिम अन ग़रसूइन’ म्हणजे ‘त्या मुलाचे नाव’. येथे ‘ग’ हा उर्दूतल्या ‘ग़रीब’मधल्यासारखा घर्षक होतो. आणि शब्दयोगी अव्ययानंतर, ‘लेश अन ङरसून’, म्हणजे ‘त्या मुलाबरोबर’, येथे त्या ‘ग’चा ‘ङ’ होतो. आपल्या ‘वाङ्मय’ शब्दात मध्ये लपलेला हा ‘ङ’ आयरिश मनुष्य शब्दाच्या आरंभी सहज उच्चारतो. उत्तरेकडील अल्स्टरची बोली या ठिकाणी ‘ङ’ऐवजी घर्षक ‘ग़’ पसंत करते. १९५८मध्ये आयर्लंडच्या सरकारने आयरिशच्या प्रमाण लेखनाचे व व्याकरणाचे नियम प्रसिद्ध केले, त्यांत दोन्ही रिवाजांना स्थान दिले आहे.

या उदाहरणांतल्या ‘अनिम’ शब्दाकडे क्षणभर पाहा. अनिम म्हणजे नाव, आणि तो संस्कृत ‘नामन्’चा सख्खा भाऊबंद. आयरिश आणि मराठी या एकाच इंडो-युरोपीय कुळाच्या दोन टोकांच्या शाखा आहेत, हे येथे कानाला ऐकू येते. मुलाला आयरिशमध्ये स्वतःचा जुना शब्द आहे ‘बूअखिल’. त्याचा मूळ अर्थ गुराखी, आणि त्याच्या आरंभीचे गायवाचक पद संस्कृत ‘गो’च्या नात्यातले. म्हणजे देशी शब्दातला मुलगा गाई राखणारा, आणि परदेशी शब्दातला मुलगा सरदाराच्या दारात राबणारा. दोघेही शेवटी नुसते ‘मुलगा’ झाले आणि एकमेकांशेजारी सुखाने नांदले.

आणखी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. ‘त्या मुलाजवळ पुस्तक आहे’ हे आयरिशमध्ये ‘ता ल्यावर एग अन ङरसून’ असे म्हणतात. शब्दशः, ‘आहे पुस्तक जवळ त्या मुलाच्या’. इंग्रजीप्रमाणे मालकी सांगणारे क्रियापद येथे नाही. आपल्यासारखे ‘जवळ असणे’ आहे. या छोट्या वाक्यातला पुस्तकवाचक ‘ल्यावर’ लॅटिनमधून आला, ‘गरसून’ फ्रेंचमधून आला. आणि तरी वाक्य अस्सल आयरिश आहे. दुसरी गोष्ट मोजण्याची. आपण पुस्तके ‘दोन, तीन, चार’ मोजतो, पण माणसे ‘दोघे, तिघे, चौघे’. आयरिशमध्येही दोनपासून दहापर्यंत माणसांसाठी वेगळे संख्याशब्द आहेत : ‘बेर्त्य ग़रसून’ म्हणजे दोघे मुलगे, ‘त्रूर गरसून’ म्हणजे तिघे मुलगे. पाहुणा शब्दही त्यांनी माणसांच्या पंक्तीला बसवूनच मोजला. हाक मारताना ‘अ ग़रसूइन’ म्हणजे ‘अरे मुला’, आणि अनेकांना ‘अ ग़रसूना’ म्हणजे ‘मुलांनो’. संबोधनाचे हे रूप फ्रेंचांपाशी नव्हते.

बोलीबोलींत या शब्दाचे रूप बदलले. पश्चिमेस व उत्तरेस त्याचा ‘गसूर’ झाला. पश्चिमेच्या कॉनेमारा भागात ‘गसूर’ म्हणजे मुलगा किंवा मुलगी, कोणतेही मूल. हद्दपार झालेल्या लढवय्यापासून निघालेला हा शब्द मांडीवरच्या लेकीपर्यंत येऊन पोहोचला! तो आयर्लंडच्या इंग्रजीतही शिरला आणि ‘गॉसून’ झाला. मारिया एजवर्थ या लेखिकेने ‘कॅसल रॅकरेंट’ या १८००मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीला जोडलेल्या टिपांत या शब्दाची व्युत्पत्ती फ्रेंच ‘गार्सों’पासून दिली आहे, आणि घरोघरी स्वयंपाकघरात राबणाऱ्या अनवाणी पोराचे वर्णन केले आहे. सहाशे वर्षांनंतरही हरकाम्याचा जुना अर्थ असा डोके वर काढतो.

येथे आपल्या देशाशी असलेल्या एका खऱ्या नात्याचा उल्लेख केला पाहिजे. जुन्या आयरिशचा थोर संशोधक व्हिटली स्टोक्स हा डब्लिनचा. तो १८६२मध्ये हिंदुस्थानात आला, व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा-सदस्य झाला, आणि इकडे कायद्यांचे मसुदे करता करता त्याने आयरिश ग्रंथ संपादिले. त्यांतील काही कलकत्त्यास छापले गेले. आणि ज्याच्या भाषिक पाहणीचा सातवा खंड १९०५मध्ये मराठीवर निघाला, तो जॉर्ज ग्रिअर्सनही डब्लिन परगण्यातच जन्मलेला. आमची भाषा त्या बेटावरच्या माणसांनी तपासली. आपण त्यांच्या भाषेतला एक शब्द तपासला, तर ते फार झाले असे नाही.

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पुष्कळांना अशी भीती वाटते की, परके शब्द आले म्हणजे भाषा बुडते. आयरिश भाषा बुडण्याच्या काठावर गेली, हे खरे. ती ‘गरसून’मुळे गेली काय? मुळीच नाही. ‘शोमरा’, ‘पाश्ते’, ‘गरसून’ हे शब्द पचवून ती पुढे शतकानुशतके जोमाने नांदली. तिच्यावर घाव पडला तो निराळ्याच ठिकाणी. जमिनी गेल्या, आश्रयदाते गेले, न्याय व शिक्षण इंग्रजीत गेले, आणि १८४५नंतरच्या भीषण दुष्काळात व देशांतरात आयरिश बोलणारा गरीब शेतकरीच सर्वांत अधिक भरडला गेला. १८५१च्या जनगणनेत सुमारे १५ लाख आयरिश भाषिक नोंदले गेले. १८९१मध्ये ते सुमारे ६ लाख ८० हजार राहिले. त्या शतकात शाळेच्या पोराच्या गळ्यात एक काठी अडकवीत. तो घरी आयरिशचा एक शब्द बोलला की आईबापच त्या काठीवर खाच पाडीत, आणि दुसऱ्या दिवशी मास्तर खाचा मोजून छड्या मारी. आईबाप दुष्ट होते म्हणून नव्हे. पोराचे इंग्रजीवाचून पोट भरणार नाही, असे त्यांना वाटत होते. ‘गरसून’ हा शब्द आयर्लंडात आला, रुजला, विभक्ती ल्याला. परंतु ज्याला उद्देशून तो उच्चारावयाचा, त्या मुलाच्याच तोंडून भाषा काढून घेतली गेली.

१८९३मध्ये डग्लस हाइड आदिकरून मंडळींनी गेलिक लीग स्थापून भाषेच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. १९३७च्या राज्यघटनेने आयरिशला पहिली राजभाषा म्हटले, आणि २००७पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. मानमरातब मिळाला. परंतु २०२२च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश येते असे सांगितले, तेव्हा शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे सुमारे ७२ हजारच भरले. घटनेतील स्थान आणि जिभेवरचे स्थान यांतील अंतर या दोन आकड्यांत आहे.

तेथील अभ्यासकांनाही आज काळजी वाटते ती उसन्या नामांची नव्हे, तर आयरिश शब्द इंग्रजीच्या साच्यात बसवून बोलण्याची. शब्द आयरिश, पण ‘न’ निमुळता होत नाही, ‘ग’चा ‘ङ’ होत नाही, दोघे-तिघे जाऊन नुसते दोन-तीन उरतात. या रोगाला ते ‘बेर्लाखस’ म्हणतात, म्हणजे इंग्रजाळलेपणा. याउलट परका ‘गरसून’ षष्ठीत ‘गरसूइन’ होतो तोपर्यंत भाषा धडधाकट आहे. पाहुण्याने घरची रीत उचलली तर घर मोठे होते. घरच्यांनीच आपली रीत सोडली तर दारावर कितीही पहारे बसवून उपयोग नाही.

म्हणून आमचे आपणांस एवढेच सांगणे आहे की, भाषेची प्रकृती तपासावयाची असेल, तर तिच्या कोशात परके शब्द किती हे मोजत बसू नये. त्या शब्दांना ती आपले प्रत्यय लावते की नाही, आपले लिंगवचन देते की नाही, आणि घरातली मुले तिच्यात भांडतात की नाही, हे पाहावे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आजही एखादी आई दारात उभी राहून ‘अ ग़रसूइन’ अशी हाक मारील, आणि पोरगा त्याच भाषेत ‘ओ’ देईल, तर त्या एका हाकेत फ्रँकांचा हद्दपार शिपाई, नॉर्मन सरदाराचा पोऱ्या आणि ओगम दगडावरची ती हरवलेली ‘ई’, हे सारे सुखरूप आहेत असे समजावे. प्रश्न एवढाच उरतो की, ‘ओ’ कोणत्या भाषेत येते.